वाद्यं जुळताना

गाण्याच्या कार्यक्रमाला तिकीट काढून कुणीही जातो. मी मात्र गेली पंचवीस-सव्वीस वर्षं कार्यक्रमाच्या तीन-चार तास आधी जातो आणि जमलं तर आत शिरतो. आत म्हणजे जिथं वाद्यं जुळवतात तिथं. हल्ली त्याला साउंडचेक म्हणतात. हा शब्द मला माझ्या भाच्याकडून कळला. तो स्पीकरवाल्याकडं कामाला आहे. तो म्हणतो, "मामा, गाणं रातच्याला हाय. तुमी दुपारधरनं काय करताय तिथं? नुसतं ट्यँव ट्यँव चाललेलं असतंय."

ते ट्यँव ट्यँव ऐकायलाच मी जातो.

आत शिरायची काही मोठी युक्ती नाही. ओळख लागते, नाहीतर ओझं उचलायची तयारी लागते. मी तबल्याच्या पिशव्या वाहिल्यात, सतरंज्या अंथरल्यात, एकदा तर समईसाठी तेल आणायला सायकलवर गेलोय. तरीपण तीनदा गेलो तर दोनदा दारातनं परत येतो. त्याचा राग धरायचा नाही. आत घेतलंच तर वागायचं कसं, हे मात्र कळायला पाहिजे. चपला बाहेर. भिंतीला पाठ लावून बसायचं. बोलायचं नाही. जुळवणारा माणूस आणि वाद्य यांच्या मधनं जायचं नाही. खोकला आला तर उठून बाहेर. तंबाखू तोंडात ठेवून जाऊ नये, हे मी ठेच लागून शिकलो. ती गोष्ट सांगण्यासारखी नाही. आणि जुळवणी झाली की कुणी 'चला आता' म्हणायच्या आत आपणच उठावं.

एकदा सांगलीला असाच दुपारी जाऊन बसलो. गायक पोरगा तरणा होता, गळा गोड. त्यानं पिशवीतनं एक डबा काढला, बटण दाबलं, आणि त्यातनं तंबोरा वाजायला लागला. इलेक्ट्रॉनिक. जुळवायचं काही नव्हतंच. दहा मिनिटांत माइक बघून सगळे चहाला गेले. रात्रीचं गाणं चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण माझा हेलपाटा फुकट गेला.

हा नाद मला लागला तो भोपळ्यापायी.

आमचं गाव भीमेच्या काठाला, पंढरपूरच्या खाली. इथनं मंगळवेढ्यापर्यंतच्या पट्ट्यात काही घरं कडू भोपळा करायची, त्यातलं एक आमचं. हे पीक असं की माणूस खात नाही आणि जनावर तोंड लावत नाही. पूर्वी नदी उतरायला त्याची सांगड करायचे, वाळलेले भोपळे बांधून त्यावर पोट टाकून पलीकडं जायचे. पूल झाले, सांगडी गेल्या. उरलं ते मिरजेचं गिऱ्हाईक. मिरजेचे सतारमेकर दरसाल येऊन भोपळे घेऊन जायचे. गावातली माणसं माझ्या वडलांना, म्हणजे तात्यांना, म्हणायची, "काय तात्या, यंदा किती कडू पिकलं?" तात्या हसायचे. ज्वारी करणाऱ्या माणसाला भोपळा करणाऱ्याचं हसू येणारच. पण जे साल पावसानं दगा देई त्या साली भोपळ्याच्या पैशावर घर चालायचं, हे त्या हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

पावसाच्या तोंडाला बी टोकायचं. वेल जमिनीवर सोडायचा. फळ धरलं की खरं काम सुरू. भोपळा आडवा पडून वाढला तर एका अंगानं चपटा होतो, मग तो कामाचा नाही. त्याला बुडावर बसवायचा, खाली वाळकं गवत घालायचं, अधनंमधनं हळूच सरळ करायचा. देठाला धक्का लागला तर संपलं. तात्या हे काम कुणाला करू देत नसत. आई म्हणायची, "लेकरास्नी कधी असं उचलून घेतलं न्हाय ह्यांनी." थंडी सरली की वेल वाळतो. भोपळा तसाच उन्हात राहू द्यायचा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो हलका होत जातो, आतलं बी सुटं होतं. वळवाचा पाऊस लागला तर डाग पडतात, भेग जाते. त्या दिवसांत आभाळ आलं की तात्या भाकरी अर्धी टाकून उठत.

भोपळा तयार झाला की नाही हे ते टिचकीनं ठरवत. बोटाचं पेर वाकवून ठक् ठक् वाजवायचं आणि कान लावायचा. हिरवा असला तर बद्द वाजतो. तयार असला की तात्या म्हणायचे, "ह्यो बोलतूय." मला लहानपणी सगळे सारखेच वाजायचे. मी उगाच मान हलवायचो.

गाण्याची गोडी मला रेडिओवरनं लागली. घरात पंढरीची वारी, भजनाचे शब्द लहानपणापासनं तोंडात. पण इंजिनाजवळ झाडाला अडकवलेल्या ट्रान्झिस्टरवर भीमसेन जोशींचे अभंग लागले की शब्द आमचेच असून अंगावर काटा यायचा. मी दहावी केली १९७६ ला. त्याच्या आदल्या वर्षी अकरावीचं मॅट्रिक बंद होऊन दहावी सुरू झालेली, त्यामुळं आमच्या दहावीला गावात कुणी धड मॅट्रिक समजत नसे. पुढं शिकायचं तर पंढरपूरला राहायला पाहिजे होतं. ते जमलं नाही. रानात आलो आणि रेडिओ ऐकत राहिलो. अभंगामागनं राग ऐकायला लागलो. कळत नव्हतं, पण बंद करावासाही वाटत नव्हता.

विशीत असताना तात्यांच्या जागी मी एकदा भोपळ्यांबरोबर मिरजेला गेलो. टेंपोत खाली उसाचं पाचट, मध्ये भोपळे, वर पाचट, आणि त्यावर मी. एवढ्या दूर जाऊन एक फुटला तर तात्यांना काय सांगू, याच काळजीत रात्र गेली. मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे, तिथं पोचलो. ही माणसं मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. संस्थानाच्या काळात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी करायला घेतली, आणि ते हुन्नर घराण्यात उतरत आलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. ते १९३७ साली गेले. त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि तिथं दरसाल उरसाला त्यांच्या नावानं गाणं होतं. हे सगळं मला आमचे भोपळे घेणाऱ्या चाचांनी सांगितलं.

चाचांच्या दुकानात मी भोपळ्याचं पुढचं आयुष्य पाहिलं. आधी तो पाण्यात भिजवतात. मग वरचा भाग कापून आतलं बी, गर खरवडून काढतात. पोटात काटक्या आडव्या घालून आकार धरून ठेवतात आणि पुन्हा वाळवतात. त्याला गळा जोडायचा, दांडी जोडायची, तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवायची. लाकूड तुणीचं. मग कोरीव काम, पॉलिश, खुंट्या, तारा. तारा जिच्यावरनं जातात तिला घोडी म्हणतात. तयार होऊन भिंतीला टेकवलेला तंबोरा बघितल्यावर हा आमच्या बांधावर लोळत होता हे खरं वाटेना. मी चाचांना म्हणालो, "वाजवून दाखवा की."

ते म्हणाले, "आत्ता नको बेटा. नवीन आहे, अजून उघडला नाही. आणि गल्लीत हातोडे चाललेत. तंबोरा ऐकायचा म्हणजे आजूबाजूला शांतता पाहिजे."

ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

पुढं पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला मी तीनदा गेलो. १९५३ पासनं चालत आलेला हा उत्सव. तेव्हा रात्र रात्र चालायचा. घोंगडं, भाकरी-चटणी घेऊन मी मांडवात मागं, भारतीय बैठकीला. सगळे गवयाकडं बघायचे आणि मी त्याच्या मागच्या दोन भोपळ्यांकडं. पण कानाला काय? गळा ऐकू यायचा, तबला यायचा, पेटी यायची. तंबोरा गाण्याच्या खाली कुठंतरी दबून जायचा. विहिरीत पाणी आहे हे माहीत असतं, पण दिसतो तो रहाट, तसं. मी चाचांना पत्र लिहिलं, एवढ्या लांब जाऊन तंबोरा काही ऐकायला मिळाला नाही. त्यांचं उलट कार्ड आलं. कार्यक्रमात तंबोरा ऐकू येत नाही, तो गवयाला ऐकू येण्यासाठी असतो. तुला ऐकायचा तर कार्यक्रमाच्या आधी ये, जुळवताना.

म्हणजे आधी जाऊन बसायची वाट मला दाखवली ती चाचांनी. आता ज्या दिवसाबद्दल हे सगळं लिहायला घेतलंय तो दिवस.

१९९७ ची थंडी. सोलापुरात एका थिएटरात एका मोठ्या बुवांचं गाणं होतं. थिएटरचं आणि बुवांचं नाव मी घेत नाही. चाचांचं पत्र आलं, बुवांचे दोन्ही तंबोरे माझ्याकडं दुरुस्तीला आहेत, ते घेऊन मी येतोय, त्यातला एक तुमच्या रानातल्या भोपळ्याचा आहे, तीन-चार सालामागचा. पाच वाजता थिएटरच्या मागच्या दाराशी ये. तात्यांनाही आण.

तात्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. सोलापूरला ते कोर्टाच्या कामाला आणि सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलेले, गाण्याला कधीच नाही. पत्र वाचून दाखवल्यावर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बघतो तर धोतर धुऊन वाळत घातलेलं. आईला म्हणाले, "भोपळा ऐकाय जायाचं हाय म्हनं."

आम्ही चारलाच पोचलो. मागच्या दाराशी रखवालदार बसलेला. मी तिकिटं दाखवली.

"नऊला या. पुढच्या दारानं."

"आम्हाला वाद्यं जुळवताना ऐकायचंय."

त्यानं आमच्याकडं पायापासनं बघितलं. "कलाकारांना त्रास द्यायचा नाही. रोज येतात तुमच्यासारखे, सह्या पाहिजेत, पाया पडायचंय. मला बोलणी बसतात."

त्याचं चूक नव्हतं. आम्ही पायरीवर बसलो. तात्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, मला अर्धी दिली आणि एक चतकोर रखवालदारालाही पुढं केली. त्यानं घेतली नाही, पण त्यानंतर आम्हाला उठा असं काही म्हणाला नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. एसटी उशिरा आली असणार. आतनं तबल्यावर हातोडी मारल्याचा आवाज यायला लागला. प्रत्येक ठोक्याला तात्या दाराकडं बघायचे.

सहाला चाचा रिक्षातनं उतरले, दोन्ही काखांत गवसणी घातलेले दोन तंबोरे, घामाघूम. सलाम-नमस्कार काही नाही. एक तंबोरा त्यांनी माझ्या हातात दिला. "चल लवकर, बुवा आलेत."

रखवालदार उठला. "हे कोण?"

"माझी माणसं आहेत."

"दोन वाद्यं, दोन माणसं. तिसरा न्हाय. मला वरनं तसं सांगितलंय."

चाचा त्याला समजावायला लागले. हे म्हातारे आहेत, भोपळा ह्यांच्याच रानातला आहे. रखवालदाराला भोपळ्याचं काय? आतनं कुणीतरी ओरडलं, तंबोरे आले का म्हणून. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी तात्यांकडं बघितलं.

तात्या म्हणाले, "तू जा. तुला नाद हाय. मी हितं बसतू."

तेवढ्यात मी "तात्या, तुम्ही जा" असं म्हणायला पाहिजे होतं. तंबोरा त्यांच्या हातात द्यायचा होता. चाचांनी त्यांना नेलं असतं, दोन वाद्यं, दोन माणसं, हिशेब तोच होता. पण गवसणी माझ्या हातात होती आणि वीस वर्षं मी ह्याच दारासाठी थांबलेलो. मी म्हणालो, "आलोच मी." आणि आत गेलो. किती पावलं गेलो तेही आठवतंय. दारापासनं पडद्यापर्यंत नऊ.

स्टेजवर एकच दिवा. पुढं सगळ्या खुर्च्या रिकाम्या, काळोखात. साउंडवाला पोरगा वायरी ओढत होता. मध्येच स्पीकर शिट्टी मारल्यासारखा किंचाळायचा, मग तो पळत जाऊन काहीतरी खालीवर करायचा. बुवा मांडी घालून बसलेले, अंगात स्वेटर, कानाला मफलर. त्यांचं पहिलं वाक्य मी ऐकलं ते असं की पंखे बंद करा आणि थंड हवेचं मशिन रात्री जेवढं असेल तेवढंच आता लावा. मला वाटलं, बुवांना बाधतं. चाचा कानात म्हणाले, तारांना बाधतं. गरम हवेत जुळवला आणि रात्री गार केलं की सूर सरकतो.

मग जुळवणी सुरू झाली. बुवांच्या शिष्यानं पेटीवर एक सूर धरून ठेवला. चाचांनी आधी मधल्या दोन तारा घेतल्या, त्यांना जोड म्हणतात. खुंटी पिळायची, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा पिळायची. खुंटीनं जवळ आणलं की तबलीवरचा मणी बोटानं केसभर खाली सरकवायचा. दोन्ही तारा एक झाल्या की दोन आहेत हे कळतच नाही. नंतर शेवटची जाड तार, खरज. मग पहिली, पंचमाची. हे सांगायला चार ओळी लागल्या, तिथं एका तंबोऱ्याला पाऊण तास लागला. आणि कुणी घाई केली नाही. आमच्या गावात मोटारीचा पट्टा बसवायचा तरी चार माणसं भोवती उभी राहून शहाणपणा सांगतात. इथं एवढी मोठी माणसं आणि सगळी गप्प.

पण आवाज अजून साधाच. तार वाजवली की वाजते, तसा. मी मनात म्हणालो, एवढ्यासाठी?

मग चाचांनी खिशातनं दोऱ्याचा गुंडा काढला. जरासा तुकडा तोडून घोडीवर तारेच्या खाली घातला आणि नखानं मागं-पुढं सरकवायला लागले. तार छेडत होते आणि दोरा सरकवत होते. ह्याला जवारी म्हणतात, हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. एका जागी दोरा आला आणि तारेचा आवाज फुटला. फुटला म्हणजे बिघडला असं नाही. मका भाजताना दाणा फुलतो तसा उमलला. एका तारेतनं गुंईऽऽ करून लांबच लांब आवाज निघाला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर येतो तसा, पण गोड आणि सरळ. चाचांनी दुसऱ्या तारेला तसंच केलं, तिसऱ्या, चौथ्या. मग चारी तारा एकामागनं एक छेडायला लागले, न थांबता.

बुवांनी डोळे मिटले. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग एक बोट वर केलं आणि चाचांना म्हणाले, "आला."

काय आला? मी ऐकत होतो तर तारा चारच. चाचांनी मला खूण केली, जवळ ये, खरजाकडं कान दे. मी गुडघ्यावर सरकत गेलो आणि भोपळ्याच्या पाठीशी कान नेला. जाड तार वाजली. तिचा आवाज खाली जाता जाता त्याच्यावर आणखी एक सूर उभा राहिला. वेगळाच. तो चारांतल्या एकाही तारेचा नव्हता. कुणी छेडलेलाच नव्हता. नंतर मला कळलं, त्याला गंधार म्हणतात, स्वयंभू गंधार, आणि तंबोरा चोख जुळला की खरजातनं तो आपोआप ऐकू येतो. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं की तारांत नाही तर हा भोपळ्यातच आहे.

बुवा त्या सुरात हळूच गायला लागले. शब्द नाही, नुसता 'सा'. रिकाम्या खुर्च्यांपुढं. मी खूप गाणं ऐकलंय आधी आणि नंतर, पण त्या 'सा'सारखं नाही. तो लोकांसाठी नव्हताच. बुवा आपला गळा भोपळ्याला जुळवून बघत होते.

चाचांनी बुवांना सांगितलं, हा ह्यांच्या रानातला भोपळा आहे. बुवांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मी एवढा गांगरलो की खाली मान घातली. तोंडातनं शब्द निघाला नाही. नंतर कितीदा वाटलं, तेव्हा एवढंच बोलायचं होतं, वडील बाहेर पायरीवर आहेत. बुवांनी रखवालदाराला एक शब्द सांगितला असता. ते वाक्य जिभेवर होतं की नव्हतं, हेसुद्धा आता मला नक्की सांगता येत नाही. कदाचित त्या तासाभरात तात्यांची आठवणच झाली नसेल. जे आहे ते लिहितोय.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडलेला. तात्या तिथंच, उपरणं कानाला गुंडाळून. रखवालदारानं त्यांना चहा पाजला होता. त्याच्या गावाकडच्या जमिनीचा वाद चाललेला आणि तात्या त्याला मोजणीचं समजावून सांगत होते.

रात्री गाणं तीन तास झालं. आमची तिकिटं मागची. तात्या पहिला अर्धा तास टक लावून स्टेजकडं बघत होते. मला म्हणाले, "आपला कंचा?" मी म्हणालो, "उजवीकडचा." मग ते उजवीकडं बघत बसले. विलंबित चाललेलं, दिवसभराची दगदग, त्यांचा डोळा लागला. तबला चढला की दचकून जागे व्हायचे, उजवीकडं बघायचे आणि पुन्हा झोपायचे. तंबोरा त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, मला आला नाही.

पहाटेच्या एसटीनं निघालो. खिडकीची काच बसत नव्हती, गार वारं आत येत होतं. मोहोळ गेल्यावर तात्यांनी विचारलं, "कसा वाजतूय रं?"

मी सांगायला लागलो. जोड, खरज, दोरा, मणी. ते म्हणाले, "ते न्हवं. वाजतूय कसा?" मी विचार केला. म्हणालो, आपल्या विहिरीत वाकून हुंकार दिल्यावर खालनं जो येतो ना, तसा, पण त्यात आणखी एक आवाज असतो, आपण न दिलेला. तात्यांनी मान हलवली. लहानपणी मी टिचकीला हलवायचो तशीच. मला ते लगेच कळलं.

बराच वेळ गेला. मग बाहेर बघत म्हणाले, "मला बी न्यायाचं हुतंस जरा."

एवढंच. रागानं नाही. पुन्हा त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

मी चाचांना कार्ड टाकलं. त्यांनी कळवलं, तात्यांना मिरजेला घेऊन ये, शुक्रवारी दुकान बंद असतं, गल्ली शांत असते, दोन तंबोरे जुळवून पुढं ठेवतो, दिवसभर ऐका. पंढरपूर-मिरज छोटी गाडी तेव्हा चालू होती, तिकीट थोडकं. जायचंच ठरलं होतं. पण त्या साली आम्ही पहिल्यांदा उसाचं क्षेत्र वाढवलेलं. उजनीचं पाणी आल्यापासनं सगळा पट्टाच उसाकडं वळत होता, आणि भोपळा काढून तिथं ऊस घालायचा हट्ट माझाच होता. तात्यांनी चार ओळींपुरती जागा मागून घेतली. तोड लांबली. टोळी येते म्हणायची, येत नव्हती. मग लागणी. मग पाऊस. दुसऱ्या साली तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, छोट्या गाडीची पायरी चढवेना. मी म्हणायचो, दिवाळी झाली की जीप करू. जीपचं भाडं म्हणजे काही आकाशातली गोष्ट नव्हती.

१९९९ च्या वैशाखात तात्या गेले. चाचांना कळायला उशीर झाला, ते दहाव्याला आले. घाटावर आमच्या भाऊबंदांत मागं उभे राहिले. घरी येऊन ओसरीवर बसले, आईशी दोन शब्द बोलले. तंबोऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पडवीत त्या सालचे भोपळे वाळत ठेवलेले होते, चार ओळींतले, आठ. तात्यांनी बुडावर बसवलेले. जायला उठले तेव्हा चाचा तिथं थांबले, वाकले आणि बोटाच्या पेरानं एकेकाला वाजवून कान देऊन बघितलं. त्यांतले पाच बाजूला काढले. भाव न करता पैसे आईच्या हातात दिले. मी टेंपो बघायला स्टँडवर गेलो.